मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा?

आधी एक कोडं सोडवा पाहू.

गावाच्या अगदी मध्यावर आहे, पण कुणाचंच घर नाही. भिंत नाही, दार नाही, कुलूप नाही. रोज सकाळी भरते, रोज रात्री रिकामी होते. आठवड्यातून एक दिवस तर तिथे मुंगीला शिरायला वाव नसतो. सांगा, काय ते?

ओळखलंत ना? एसटी स्टँडजवळची किंवा बाजारपेठेच्या तोंडाशी असलेली मोकळी जागा! जिथे जिपा, रिक्षा, मोटारसायकली आणि मोटारी उभ्या असतात ती. कुणी तिला ‘ग्राउंड’ म्हणतं, कुणी ‘बाजारतळ’, कुणी नुसतंच ‘पार्किंग’. जवळजवळ प्रत्येक गावाला अशी एक तरी जागा असतेच.

आता दुसरा प्रश्न. हा कोड्यापेक्षा अवघड आहे. गावात राहायला घरं कमी पडताहेत, भाडी वाढताहेत. अशा वेळी या मोकळ्या जागेवर घरं बांधावीत का?

घाईनं ‘हो’ म्हणू नका आणि घाईनं ‘नाही’ही म्हणू नका. आधी जागा नीट पाहू या.

गाड्या आल्या कुठून?

जुन्नर हे फार जुनं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून माल चढायचा तो याच बाजाराकडे यायचा. गावातल्या जुन्या गल्ल्या आखल्या गेल्या तेव्हा मोटार नावाची वस्तू जगात नव्हती. माणूस, घोडा, लादलेला बैल आणि फार तर बैलगाडी जाईल एवढीच त्या गल्ल्यांची रुंदी. आज त्याच गल्लीत एका बाजूला टेम्पो माल उतरवतो, दुसऱ्या बाजूला मोटारसायकल उभी असते आणि मधून शाळेची मुलं वाट काढतात.

त्यातच जुन्नरच्या डोक्यावर शिवनेरी. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या दिवशी तर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. जवळच लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकातली दोन ठिकाणं. २०१८ साली जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. पाहुणे येतात ते गाडी घेऊनच, आणि गाडी काही खिशात घालून किल्ला चढता येत नाही. ती कुठे तरी उभी करावीच लागते. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातही तेच. श्रावणात मंचर-घोडेगावकडून भीमाशंकरला जाणारी वाहनांची रांग पाहिलीत तर पटेल.

नारायणगावची गंमत तर आणखी वेगळी. विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं महाराष्ट्रभर ओळखलं जाणारं हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे मोकळ्या जागेत तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, राहुटीत बसून बोलणी करतात आणि आपल्या गावच्या जत्रेसाठी फडाला सुपारी देतात. हंगाम संपला की राहुट्या उठतात. पावसाळ्यात तिथे कुणी परका उभा राहिला तर त्याला काय दिसेल? चिखल आणि चार उभ्या गाड्या. तो म्हणेल, “अरे, एवढी जागा फुकट पडलीय!”

फुकट पडलीय का खरंच? परक्याला जी जागा रिकामी दिसते, ती गावकऱ्याला भरलेली दिसते. फक्त भरण्याची वेळ आणि तऱ्हा वेगळी असते.

दहा गुंठ्यांचं गणित

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, एका गावात मध्यावर दहा गुंठे जागा आहे आणि तिथे गाड्या लागतात. (हे गाव कल्पनेतलं आहे, बरं का! उगाच शोधायला जाऊ नका.)

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. मोकळ्या वाहनतळावर एका मोटारीसाठी साधारणपणे २३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २४८ चौरस फूट जागा धरतात. मोटार काही एवढी मोठी नसते. पण ती वळवायला, आत आणायला, बाहेर काढायला वाट लागते ना, तीही त्यात धरलेली असते. करा भागाकार. दहा गुंठ्यांत सुमारे ४४ मोटारी!

आता दोन मोटारींची जागा एकत्र करा. झाली ४९६ चौरस फूट. एवढा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एका लहान कुटुंबाचं घर एवढ्या जागेत बसतं. म्हणजे दोन मोटारी दिवसभर जेवढी जागा अडवतात, तेवढ्यात आई, बाबा, दोन मुलं आणि आजी राहू शकतात. घरं एकावर एक मजले चढवून बांधली तर त्याच दहा गुंठ्यांत आणखी कितीतरी कुटुंबं राहतील.

मग प्रश्न सुटला की! गाड्या हटवा, घरं बांधा.

थांबा. आधी गावातल्या माणसांना तर विचारू या. अशा वेळी कोण काय म्हणेल?

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या शिक्षिका म्हणतील, “मी रोज वीस किलोमीटरवरून येते, कारण गावात परवडेल असं घर मिळत नाही. शाळेपासून चालत जाता येईल असं घर मिळालं तर माझे दोन तास वाचतील.”

भाजी विकणारी मावशी म्हणेल, “बाजाराच्या दिवशी मी तिथंच बसते. घरं झाल्यावर मला त्या घरांच्या जिन्यात बसवणार का?”

दुकानदार काका म्हणतील, “गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नसली की तो हायवेवरच्या दुकानात जातो. माझं काय?”

लगेच दुसरे दुकानदार म्हणतील, “उलट दुकानाजवळ पन्नास घरं झाली तर पन्नास गिऱ्हाइकं दारात येतील. गाड्या थोड्या लांब लागल्या म्हणून बिघडलं कुठे?”

रिक्षावाले दादा म्हणतील, “स्टँडपासून लांब गेलो की आमचा धंदा गेला.”

आजोबा म्हणतील, “जत्रेची पालखी तिथंच टेकते. पाळणे तिथंच लागतात. ती जागा गेली की जत्रा कुठे भरवायची?”

पाणीपुरवठ्याचं काम पाहणारे साहेब विचारतील, “नवीन घरांना पाणी कुठून आणू? मैलापाणी कुठे सोडू?”

आणि क्रिकेट खेळणारी पोरं काय म्हणतील, ते तुम्हाला सांगायला हवं का?

यात खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही! प्रत्येकजण आपापल्या जागी खरं बोलतोय. म्हणूनच असे प्रश्न अवघड असतात. यात कुणी दुष्ट नसतो. सगळ्यांना हवं असलेलं सगळं मात्र दहा गुंठ्यांत मावत नसतं.

समजा-समजा पुरे, आता खरी गोष्ट

आपल्याच आंबेगाव तालुक्यात घरांसाठी जागा निवडायची खरीखुरी वेळ आली होती. तिथे वाहनतळ नव्हता, डोंगरउतार होता. पन्नास फ्लॅटची इमारत नव्हती, तर अख्खं गाव उभं करायचं होतं. पण प्रश्न हेच होते. घरं कुठे बांधायची? कशी? आणि राहणाऱ्यांचं म्हणणं काय?

ते गाव म्हणजे माळीण.

भीमाशंकरच्या डोंगररांगांतलं हे महादेव कोळी समाजाचं गाव. भातशेती, गुरं-ढोरं, रानातला हिरडा यावर जगणारं. ३० जुलै २०१४. कित्येक तास मुसळधार पाऊस कोसळत होता. सकाळी गावामागच्या डोंगराचा कडा सुटला आणि चिखल-दगडांचा लोंढा घरांवर आला. काही क्षणांत गावाचा मोठा भाग गाडला गेला. त्या सकाळी नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला जिथे घरं दिसायला हवी होती तिथे मातीचा ढीग दिसला. त्यानं ती खबर पोचवली तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. या दुर्घटनेत १५१ माणसं गेली.

वाचलेल्यांना आधी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेवलं गेलं. मग नव्या गावासाठी जागेचा शोध सुरू झाला. तो काही सोपा नव्हता. एकीकडे भूवैज्ञानिक म्हणणार की जमीन पक्की हवी, वरचा डोंगर सुटणारा नको. दुसरीकडे गावकऱ्यांचं म्हणणं की आमची भातखाचरं इथे, आमची माणसं इथे, आम्हाला फार लांब नेऊ नका.

विचार करा, दोन्ही म्हणणी किती खरी आहेत! सुरक्षित पण शेतापासून लांब असं घर मिळालं तर पोट कसं भरायचं? आणि शेताजवळ पण डोंगराखाली असं घर मिळालं तर पावसाळ्यात झोप कशी लागायची?

शेवटी जवळच्याच आमडे इथे सुमारे आठ एकर जमीन ठरली. तिथे ६७ घरं बांधली गेली. २ एप्रिल २०१७ रोजी त्या वेळचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते नवं गाव लोकांच्या हवाली झालं. दुर्घटनेला तोवर अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

प्रत्येक घर किती मोठं होतं, माहीत आहे? ४९१ चौरस फूट. आठवला का मघाचा आकडा? दोन मोटारी उभ्या करायला लागते जवळजवळ तेवढीच जागा!

घरं तीस गुंठे, गाव तीनशे वीस गुंठे

आता पुन्हा वही घ्या. ६७ घरं गुणिले ४९१ चौरस फूट. उत्तर येतं ३२,८९७ चौरस फूट, म्हणजे साधारण ३० गुंठे. आणि जमीन किती? आठ एकर. एका एकरात ४० गुंठे, म्हणजे ३२० गुंठे.

मग उरलेले २९० गुंठे कशाला?

इथेच खरी मेख आहे. घर म्हणजे चार भिंती असतील तर ३० गुंठे पुरतात. पण माणसं काही नुसती भिंतींच्या आत राहत नाहीत. रस्ते लागतात. पावसाचं पाणी वाहून न्यायला गटारं लागतात. उतारावरची माती धरून ठेवायला संरक्षक भिंती लागतात. शाळा लागते, समाजमंदिर लागतं, गुरांना गोठा लागतो. अंगण लागतं. पश्चिम आंबेगावातल्या आणि पश्चिम जुन्नरमधल्या घरांत उन्हाळ्यात हिरडा गोळा करून आणतात. तो वाळत घालायला उन्हातली सपाट जागा लागते. पावसाळ्याआधी सरपण रचायला आडोसा लागतो. भाताचा पेंढा ठेवायला जागा लागते. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये म्हैस नेता येत नाही, आणि दाराशी गुरं बांधून ज्यांचा जन्म गेला त्यांना ‘गुरांचं काय?’ हा प्रश्न घराच्या रंगापेक्षा मोठा वाटतो.

गावातल्या वाहनतळावर घरं बांधतानाही हेच लागू पडतं. फ्लॅट किती झाले हे मोजून काम संपत नाही. त्या फ्लॅटमधल्या मुलांनी खेळायचं कुठे? त्यांच्याही सायकली, मोटारसायकली असणारच, त्या लावायच्या कुठे? म्हातारी माणसं संध्याकाळी बसतील कुठे? आणि आज जे तिथे बसतात, विकतात, थांबतात, ते उद्या जातील कुठे?

पहिल्या पावसानं काय सांगितलं?

नव्या माळीणची गोष्ट एप्रिल २०१७ मध्ये संपली असती तर किती छान झालं असतं! पण जूनमध्ये पाऊस आला.

उतारावर गाव वसवायचं म्हणजे एका बाजूची माती कापायची, दुसऱ्या बाजूला भराव टाकायचा आणि पायऱ्या-पायऱ्यांनी सपाट जागा करायची. नव्या भरावात पाणी मुरलं की तो बसतो, म्हणजे खाली दबतो. पहिल्याच जोरदार पावसात तसं झालं. काही ठिकाणी भराव खचला, रस्त्यांना भेगा गेल्या, गटारांची पडझड झाली. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी डोंगर कोसळताना पाहिला होता, त्यांच्या पोटात पुन्हा गोळा आला. काही कुटुंबं नवी घरं सोडून तात्पुरत्या निवाऱ्यांत परत गेली.

घरं पक्की आहेत, हे मनाला पटायला नुसता कागद पुरत नाही. भेग लहान की मोठी, हे अभियंता पट्टीनं मोजतो. रात्री पाऊस पडत असताना त्या भेगेशेजारी झोपायचं की नाही, हे मात्र घरातल्यांनाच ठरवावं लागतं. लोकांनी तक्रारी केल्या, अधिकारी आणि तज्ज्ञ पुन्हा गावात आले, पाहणी झाली, दुरुस्त्यांची कामं हाती घेतली गेली.

यातून आपण काय शिकायचं? राहणाऱ्यांना विचारणं हे एकदाच करायचं काम नाही. जागा निवडताना विचारायचं, नकाशा काढताना विचारायचं, आणि लोक राहायला गेल्यावर पहिला पाऊस झाला की पुन्हा विचारायचं. पाऊस कुठून आत येतो, हे त्या घरात राहणाऱ्यांना सगळ्यांत आधी कळतं.

आंबेगाव तालुक्याला हा धडा नवा नाही. तुम्हाला माहीत आहे का, या तालुक्याला ज्या गावावरून नाव मिळालं ते आंबेगाव आज कुठे आहे? डिंभे धरणाच्या पाण्याखाली! घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि मूळचं आंबेगाव बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, नाव मात्र बुडालेल्या गावाचंच राहिलं आहे. घर सोडून दुसरीकडे राहायला जाणं म्हणजे काय, हे इथल्या कितीतरी आजी-आजोबांनी अनुभवलं आहे. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना नक्की विचारा.

किल्लारीच्या आज्यांचा प्रश्न

असाच प्रश्न महाराष्ट्रात एकदा फार मोठ्या प्रमाणावर आला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. जवळपास आठ हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसं सापडली होती, त्यामुळे लोक म्हणाले, “आम्हाला आता दगडाचं घर नको. जुन्या जागीही नको.” त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. किल्लारीसह ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं.

नव्या गावांचे नकाशे झाले. सरळ, रुंद रस्ते, ओळीनं घरं, अगदी शहरातल्या कॉलनीसारखं. कुणाची शेती किती होती त्यावरून घराचा आकार ठरला. २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. घरं भक्कम होती. रस्ते रुंद होते. मग तक्रार कशाची?

जुन्या गावात घरं दाटीनं होती. भाऊबंद एका गल्लीत राहायचे. एका ओट्यावरून हाक मारली की पलीकडच्या ओट्यावर ऐकू जायची. गल्लीत सावली असायची. नवी गावं जुन्यापेक्षा कितीतरी पट पसरली. शेजार बदलला, अंतरं वाढली, रुंद रस्त्यावर दुपारचं ऊन रणरणू लागलं. शेतीची अवजारं, धान्य, गुरं यांना घरात जागा पुरेना. ‘चांगला रस्ता म्हणजे रुंद रस्ता’ असं नकाशा काढणाऱ्याला वाटलं होतं. भरउन्हात त्याच रस्त्यानं चालत जाणाऱ्या आजीला मात्र जुनी अरुंद, सावलीची गल्ली आठवत राहिली.

पण त्याच भागात एक फार चांगली गोष्टही घडली. जी गावं हलवायची नव्हती, तिथे घरांच्या दुरुस्तीचं काम होतं. हजाराहून जास्त गावांत या कामासाठी गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. सरकारची योजना काय आहे ते त्या घरोघर समजावून सांगायच्या, आणि घरोघरीचं म्हणणं सरकारी कचेरीत पोचवायच्या. कितीतरी बायका त्याआधी कचेरीची पायरीही चढल्या नव्हत्या. आता त्या सिमेंट किती, सळई किती, कोपऱ्यात बांधणी कशी घ्यायची यावर अभियंत्यांशी बोलू लागल्या. विचारलं तर माणसं नुसती तक्रार करत नाहीत, कामालाही लागतात, हे त्यावरून दिसलं.

पुढे २०२१ साली महाडजवळच्या तळियेत आणि २०२३ साली खालापूरजवळच्या इर्शाळवाडीत दरड कोसळली. तिथेही पुन्हा तेच प्रश्न आले. नवी घरं कुठे? कशी? राहणाऱ्यांचं म्हणणं काय?

आपलं म्हणणं कुठे सांगायचं?

‘विचारायला हवं’ हे ठीक. पण कुणी विचारलंच नाही तर? त्यासाठी कायद्यात वाटा ठेवलेल्या आहेत. त्या आई-बाबांनीही वाचाव्यात.

नगरपालिका किंवा नगरपंचायत असलेल्या गावाचा विकास आराखडा असतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार तो तयार होतो. हा आराखडा म्हणजे गावाचा मोठा रंगीत नकाशाच. कुठली जागा शाळेसाठी, कुठली बागेसाठी, कुठली वाहनतळासाठी, कुठली राहण्यासाठी, हे त्यात ठरवलेलं असतं. एखाद्या कामासाठी राखून ठेवलेल्या जागेला ‘आरक्षण’ पडलं असं म्हणतात. वाहनतळाचं आरक्षण असलेल्या जागेवर कुणाच्या मनात आलं म्हणून उद्या इमारत उभी करता येत नाही. आधी आराखड्यात रीतसर बदल करावा लागतो. त्याची सूचना जाहीर करावी लागते, आणि लोकांकडून ‘हरकती व सूचना’ मागवाव्या लागतात.

हे दोन शब्द नीट पाहा. हरकत म्हणजे ‘हे मला मान्य नाही, कारण…’. सूचना म्हणजे ‘त्याऐवजी असं करता येईल…’. नुसती हरकत घेणारे पुष्कळ असतात. हरकतीबरोबर सूचनाही देणारा माणूस गावाला जास्त उपयोगी पडतो.

ग्रामपंचायतीच्या गावात ग्रामसभा असते. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण तिचा सभासद. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा पश्चिमेकडचा आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. विकासाच्या कामासाठी जमीन घ्यायची असेल किंवा विस्थापितांचं पुनर्वसन करायचं असेल तर आधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करायला हवी, असं तो कायदा सांगतो.

“पण आम्ही तर अठरा वर्षांचे नाही!” असं म्हणालात ना? तुमच्यासाठीही वाट आहे. संयुक्त राष्ट्रसंघानं १९८९ साली बालहक्कांचा करार केला आणि भारतानं १९९२ साली तो मान्य केला. त्यातलं बारावं कलम म्हणतं की मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांना आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला त्यांचं वय व समज पाहून वजन दिलं पाहिजे. खेळायची जागा, शाळेची वाट, राहायचं घर, या गोष्टी तुमच्याशी संबंधित नाहीत तर कुणाशी?

चला, पाहणी करू या

आता ठरवा. वाहनतळावर घरं बांधावीत की नाही? या लेखात त्याचं एकच एक उत्तर मिळणार नाही, कारण ते प्रत्येक गावाचं वेगळं असतं. एखाद्या गावात ती जागा खरोखरच निम्मी रिकामी असेल आणि घरांची गरज मोठी असेल. मग खाली बाजाराचे ओटे आणि गाड्या, वरती घरं, असाही मार्ग निघू शकतो. एखाद्या गावात तेवढीच एक मोकळी जागा उरलेली असेल, आणि ती गेली तर गावाचा श्वास कोंडेल. कुठलं गाव कसलं, हे आधी पाहिल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून या सुट्टीत चार-पाच जणांचा गट करा आणि आपल्या गावातली एक मोकळी जागा निवडा. मोठ्या माणसांना सांगून जा, आणि गाड्यांच्या मधे उभं राहू नका.

१. एका साध्या दिवशी आणि एका बाजाराच्या दिवशी, सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ६ आणि रात्री ९ वाजता तिथे जा. रात्री मोठं माणूस बरोबर हवंच.

२. दर वेळी मोजा. मोटारी किती, दुचाकी किती, टेम्पो-जिपा किती, हातगाड्या किती, नुसती बसलेली किंवा खेळणारी माणसं किती.

३. पावलांनी जागेची लांबी-रुंदी मोजा. गुंठे काढा. तिथे किती मोटारी मावतील आणि प्रत्यक्षात किती उभ्या असतात, यांची तुलना करा.

४. निदान दहा जणांना दोनच प्रश्न विचारा. ‘ही जागा तुम्हाला कशासाठी लागते?’ आणि ‘इथे घरं झाली तर तुमचं काय होईल?’ त्यांत भाड्यानं राहणारं एक तरी माणूस, एक तरी विक्रेती, एक तरी म्हातारं माणूस आणि तुमच्याहून लहान एक तरी मूल असू द्या. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा, आपल्या पदरचं घालू नका.

५. शेवटी वर्गात वाचून दाखवा. ज्यांना घरं हवीत त्यांनी घरं नको म्हणणाऱ्यांची बाजू मांडायची आणि नको म्हणणाऱ्यांनी हवी म्हणणाऱ्यांची. बघा काय मजा येते ते! दुसऱ्याची बाजू त्याला पटेल अशी मांडता आली, तरच ती आपल्याला समजली असं म्हणायचं.

पाहणी झाली की तिची एक प्रत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नेऊन द्या आणि पोच घ्या. दुसरी प्रत आम्हाला पाठवा. जागेचा हातानं काढलेला नकाशा मात्र विसरू नका, आणि त्या नकाशावर ‘रिकामी जागा’ असं लिहिण्याआधी दोनदा विचार करा.